स्वतःच्या वापरात

घरपट्टीची नोटीस दरवर्षी येते आणि दरवर्षी माणसं ती खालून वर वाचतात. आधी शेवटचा आकडा बघायचा, मग कपाळाला हात लावायचा आणि मग तो कागद कुठल्यातरी डब्याखाली सरकवायचा. वरच्या ओळी कोणी वाचत नाही. चष्मेवाल्यानेही आजवर वाचल्या नव्हत्या. दिवसभर दुकानात लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावून पोट भरणारा माणूस, घरी येऊन तो कशाला पुन्हा त्याच भानगडीत पडेल!

यंदा मात्र आकडाच असा होता की त्याला ओळीओळीने वर चढावं लागलं. चढता चढता तो मधेच अडला.

"अगं, हे बघ," त्याने बायकोला हाक मारली. "आपलं घर म्हणे दोन घरं झालीत. समोरचं 'स्वतःच्या वापरात'. आणि मागची खोली 'दुसऱ्याच्या वापरात'. तिला चढा दर लावलाय. आपल्याकडे दुसरं कोण आलं बुवा?"

बायको हातातला कपडा पिळत बाहेर आली. तिने कागद वाचला नाही, नुसतं नवऱ्याकडे बघितलं.

"मागच्या खोलीत कोण राहतं?" ती म्हणाली.

मागच्या खोलीत मावशी राहायची.

मावशी म्हणजे त्याच्या आईची सख्खी धाकटी बहीण. तो पाळण्यात असताना त्याची आई अंथरुणाला खिळली. मावशी बहिणीच्या सेवेला म्हणून आली, चार कपडे पिशवीत घालून, आणि बहीण गेली तरी ती परत गेली नाही. जाणार कशी? मूल कमरेवर होतं. त्याची दुधाची बाटली, त्याचा गोवर, त्याचे पाढे, त्याचं रुसणं, पुढे त्याच्या दुकानाची पहिली पाटी पुसणं, सगळं तिच्या हातून झालं. वडील भले माणूस होते. वर्ष उलटल्यावर त्यांनी खाली मान घालून मावशीला विचारलंही होतं, की आपण रीतसर लग्न करू या का, लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार. मावशी म्हणाली होती, "पोराची आई माझी बहीण आहे. ती जागा तिचीच राहू दे. मला मावशी म्हणाला तरी पोटभर आहे." आणि खरोखर, त्या एका शब्दावर ती पुढचं सगळं आयुष्य जगली. देव काही माणसांना एवढं थोडं मागायची बुद्धी देतो, आणि मग तेवढंही त्यांच्याजवळ राहतं का ते बघत बसतो. त्याच्या मनात काय असतं ते आपण पामरांनी काय सांगावं!

ती वेगळी राहायला लागली त्यालाही फार काळ लोटला नव्हता. स्वयंपाकघरातून मागच्या खोलीत जायला एक दार होतं. चष्मेवाल्याच्या बायकोला तिथे भिंतभर कपाट हवं होतं. गवंडी आला, दार बुजलं, खोलीला बोळाच्या बाजूने नवं दार काढलं आणि आत एक शेगडी नेऊन ठेवली. "मावशी, आता तुमचं तुम्हाला मोकळेपणी वागता येईल," सून म्हणाली होती. "कधी उठा, कधी जेवा, कोणी विचारणार नाही." माणसाला लांब ढकलायचं ठरलं की आधी त्याच्या सोयीचीच काळजी सुरू होते. मावशीने खोली झाडली आणि म्हणाली, "बरं झालं, उजेड छान येतो."

पुढे पाहणीसाठी कर कार्यालयाचा माणूस आला, तो नेमका बोळातून. मावशीने त्याला बसायला स्टूल दिलं.

ते काय झालं, हे आता नोटीस हातात घेऊन सून तिच्याकडून वदवून घेत होती.

"त्याने काय विचारलं?"

"विचारलं, एकट्याच राहता का. मी म्हटलं, हो. मग म्हणाला, चूल वेगळी का? मी म्हटलं, हो."

"आणि तुम्ही 'हो' म्हणालात!"

"मग काय म्हणू? शेगडी तूच आणून दिलीस ना."

"अहो, वेगळी चूल म्हणजे त्यांच्या लेखी वेगळा संसार! एवढं कळत नाही? जगात लोक दिवसाला दहा वेळा खोटं बोलतात आणि गाढ झोपतात. तुम्हालाच काय धाड भरली होती एक 'नाही' म्हणायला?"

मावशी भाच्याकडे वळली. "माझ्यामुळे झालं का रे हे?"

"तुझ्यामुळे कशाला," तो म्हणाला. पण म्हणताना तो नोटिशीतच बघत होता.

मग त्याने नोटीस नीट वाचली, आणि वाचल्यावर त्याला कळलं की ती दिसते तेवढी भयंकर नाही. घर किती मोठं, बांधकाम कसलं, किती जुनं आणि कोण वापरतं, एवढ्या चार गोष्टींवर सगळा हिशेब होता. पहिल्या तीन गोष्टी बरोबर होत्या. चौथी चूक असेल तर मुदतीत हरकत घ्यावी, सुनावणीला हजर राहावं, खोलीत राहणाऱ्या व्यक्तीलाही सोबत आणावं, असं खाली स्पष्ट छापलेलं होतं.

"एवढंच ना?" मावशीचा चेहरा उजळला. "मी येते की. साहेबांना सांगते, बाबा, मी दुसरी नाही. लिहा तसं. एका वाक्याचं तर काम आहे."

तिच्या डोक्यात घरपट्टी नव्हतीच. भिंत झाल्यापासून तिच्या मनात एक काटा रुतून बसला होता, आणि तिला वाटलं, आता सरकारच तो काढून देणार. कुठल्यातरी मोठ्या कचेरीत, शिक्क्यानिशी लिहिलं जाणार, की ही बाई या घरातली आहे. सुनावणीच्या दिवशी तिने ठेवणीतले कपडे काढले, केस दोनदा विंचरले. गाडीत ती मधे बसली होती, भाचा एकीकडे आणि सून दुसरीकडे.

"सूनबाई, अशीच चिकटून बस," ती हसत म्हणाली. "म्हणजे साहेब म्हणतील, एवढी चिकटून बसलेली माणसं, यांच्यात भिंत कशी?"

सून हसली नाही. भाचा हसला, पण घाईघाईने.

सुनावणी घेणारे साहेब मवाळ होते. आडमुठे असते तर बरं झालं असतं. आडमुठ्या माणसाशी निदान भांडता येतं. यांनी स्वतः उठून मावशीला पंख्याखालची खुर्ची दिली. एक पिवळट पुस्तिका काढली, चष्मा चढवला, आणि चष्मेवाल्याला सवयीने लगेच दिसलं की साहेबांचा नंबर बदललाय.

"बोला. मागची खोली कोणाच्या वापरात?"

"आमच्याच," चष्मेवाला म्हणाला. "तिथे माझी मावशी राहते. ही."

"मावशी म्हणजे? आमच्याकडे झाडायला येतात त्यांनाही आम्ही मावशीच म्हणतो."

"सख्खी मावशी. आईची बहीण."

"असं होय!" साहेबांनी पुस्तिकेत बोट फिरवलं. "नवरा, बायको, मुलं, सुना, नातवंडं, आईवडील, सावत्र आईवडील, अविवाहित भाऊ-बहीण. एवढे राहत असतील तर स्वतःचा वापर, मग चुली कितीही असोत." बोट पानाच्या तळाशी थांबलं. "आईची बहीण यात नाही."

"पण तिनेच मला वाढवलंय."

"वाढवलं असेल हो. यादीत नाही." त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी पान उलटून मागेही पाहिलं. "सावत्र आई चालते, बघा. यांचं आणि तुमच्या वडिलांचं रीतसर लग्न वगैरे…?"

"नाही," मावशी म्हणाली. "त्यांनी विचारलं होतं. मीच नको म्हटलं."

"अरेरे," साहेब हसले. हसण्यात दुष्टावा नव्हता. "तेव्हा हो म्हणायला हवं होतं, मावशी. आज सगळ्यांचं काम सोपं झालं असतं."

मावशीही हसली. समोरचा हसला की हसायचं, ही तिची जुनी खोड. पण हसू ओठांवर तसंच राहून गेलं; आवरायचं कसं ते तिला सुचेना.

"आता यातून मार्ग?" सुनेने विचारलं.

"मार्ग दोन. एक, दार पुन्हा उघडा, चूल एक करा. मग पुढच्या वर्षीच्या पाहणीत घर एकच धरलं जाईल. या वर्षीचं मात्र आहे तसं राहील."

"तिथे आता कपाट आहे," सून म्हणाली. "भिंतीत बसवलेलं."

"मग दुसरा. घरकामाला ठेवलेलं माणूस मालकाच्या खोलीत राहत असेल, तर ती खोली मालकाच्याच वापरात धरतात. त्याला चढा दर नाही." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "हा लगेच लागू होतो. अर्थात, तसं असेल तर. मी काही सुचवत नाही."

खोलीत पंखा फिरत होता. चष्मेवाला टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसला. आणि त्याची बायको अगदी सरळ, साध्या आवाजात म्हणाली, "घरकाम तर त्याच करतात."

आणि हे खोटं नव्हतं. विष होतं ते यातच. खोटं असतं तर कोणीतरी दचकलं असतं.

"मावशी," साहेबांनी विचारलं, "तुम्ही घरात काय काय करता?"

मावशीला वाटलं, आता आपली पाळी आली, आता सगळं सांगावं म्हणजे साहेबांना पटेल. ती पुढे सरकून बसली. "सगळंच करते की. सकाळी यांचे डबे. सूनबाई नोकरीला जाते ना, मग कपडे, भांडी, निवडणं-टिपणं. भिंत झाल्यापासून बोळातून फिरून जावं लागतं, पण सवय झाली. याला माझ्या हातचंच लागतं. लहान असताना तर दुसऱ्या कोणी भरवलं की थुंकून टाकायचा." तिने प्रेमाने भाच्याकडे बघितलं. "अजून रात्री याचे पाय दुखले की मीच…"

साहेब लिहीत होते. त्यांनी 'डबे, कपडे, भांडी, स्वयंपाक' एवढंच लिहिलं. बाकीचं लिहायला रकाना नव्हता.

"मोबदला काय मिळतो?"

"कसला मोबदला?"

"राहणं आणि जेवण," सून म्हणाली.

"कामाच्या मोबदल्यात राहणं-जेवण," साहेबांनी लिहिलं. मग कागद चष्मेवाल्यापुढे केला. "मालकांनी तोंडी सांगायचं आणि सही करायची. त्यांनीही सही करायची. या तुमच्या कोण?"

आता मावशीला कळलं. तिच्या तोंडावरचं हसू विरलं. पण ती रागावली नाही, उठली नाही. तिने फक्त भाच्याच्या दंडाला हात लावला, जसा तो लहानपणी उत्तर विसरला की लावायची.

"तू म्हण," ती हळूच म्हणाली. "मी कोण ते तूच सांग. तू म्हणशील त्याच्यावर मी सही करीन."

बघा, त्याला अजून वाव होता. जीभ त्याची होती, दात त्याचे होते, आणि देवाने कोणाच्याही जिभेला कुलूप लावलेलं नाही. 'मावशी' एवढा शब्द उच्चारायला श्वाससुद्धा पुरता लागत नाही. चढा दर भरून तो काही रस्त्यावर येणार नव्हता. महिन्याभरात दोन-चार जास्त चष्मे विकले असते की झालं. तो विचार त्याच्या मनात आलाही. पण शेजारी बायको होती, समोर लिहून तयार कागद होता, बाहेर माणसं खोळंबली होती. आणि चांगल्या माणसांना एक रोग असतो. कोणाचा वेळ मोडायला त्यांना फार संकोच वाटतो.

"ती घरी कामाला आहे," तो म्हणाला.

'ती' म्हणाला. आयुष्यभर तो तिला 'ती'च म्हणत आला होता, आपल्या माणसाला म्हणतात तसं. साहेबांना त्यात काही वेगळं वाटलं नाही. कामवालीलाही लोक 'ती'च म्हणतात.

मावशीने सही केली. तिचं अक्षर सुंदर होतं. भाच्याचं अक्षर तिनेच वळवलं होतं, त्यामुळे कागदाच्या तळाशी त्या दोन सह्या एकाच हाताने केल्यासारख्या दिसत होत्या.

जिन्यात उतरताना तो तिच्यापुढे पायरीवर थांबला. त्याला शरम वाटत होती, आणि शरमेच्या भरात माणूस आदर दाखवायला लागतो.

"सांभाळून उतरा, मावशी," तो म्हणाला. "तुम्ही माझा हात धरा."

ती थबकली. जन्मात पहिल्यांदा त्याने तिला 'तुम्ही' म्हटलं होतं.

"कठडा आहे," ती म्हणाली आणि कठडा धरून उतरली.

निकाल टपालाने आला. हरकत मान्य झाली होती. मागची खोली आता 'स्वतःच्या वापरात' होती. खाली एक अट होती: कामाला ठेवलेल्या व्यक्तीची स्वतंत्र चूल असू नये, पाहणीत आढळल्यास चढा दर पुन्हा लागू होईल. सुनेने अट वाचली आणि तशीच बोळातून जाऊन शेगडी उचलून आणली. मावशीने तिला दार धरून दिलं.

त्या संध्याकाळपासून मावशीचं जेवण पुन्हा मुख्य स्वयंपाकघरात आलं. भिंत झाल्यापासून तिने मनात हेच मागितलं होतं, की सगळ्यांत बसून दोन घास खावेत. देवाने मागणं ऐकलं, पण कोणत्या दारातून पुरवलं! टेबलावर दोघांची ताटं होती. तिसरं ताट ओट्यावर वाढून ठेवलेलं होतं.

"तुम्ही आमचं झाल्यावर निवांत बसा," सून म्हणाली. "आणि हो, उद्यापासून जरा लवकर या. इतके दिवस आपण बोलत नव्हतो. पण आता सगळं रीतसर झालंय, तर वेळही रीतसर असलेली बरी."

मावशीने ओट्यावरच्या ताटाकडे बघितलं. मग पदराला हात पुसत ती टेबलाशी येऊन उभी राहिली, आणि उभ्या जन्मात जे तिने एकदाच केलं होतं ते पुन्हा केलं. तिने तोंड उघडून काहीतरी नाकारलं.

"मी काम सोडते," ती म्हणाली.

चष्मेवाल्याचा घास हातात राहिला.

"म्हणजे?" सुनेने विचारलं.

"कामाला आहे ना मी? मग सोडते. मावशी असते तर सोडून जाता आलं नसतं. मावशीपण कुठे सोडता येतं? कामवालीला येतं की."

सून हसली. अगदी खळखळून, मनापासून.

"सोडा की! पण मावशी, तुम्ही सही केलीत तो कागद वाचला नाहीत का? 'कामाच्या मोबदल्यात राहणं.' काम गेलं की खोली गेली. कुठे जाणार? पाहुणी म्हणून राहिलात तर पुन्हा 'दुसऱ्याच्या वापरात'. आणि मग खोटा जबाब दिला म्हणून यांना दंड. यांना दंड झालेला चालेल का तुम्हाला?"

मावशी तिच्याकडे बघतच नव्हती. ती भाच्याकडे बघत होती. तिला कुठे जायचंच नव्हतं. या वयात, पिशवीत चार कपडे घेऊन, कोणाच्या दारात उभी राहणार होती ती? तिला एवढंच हवं होतं की त्याने उठावं, रागवावं, हवं तर ओरडावं, 'गप बस, वेडी आहेस का, कुठे चाललीस,' असं दरडावून म्हणावं. कामवालीला कोणी असं दरडावत नाही. त्याने तेवढं केलं असतं, तर ओट्यावरचं ताट तिने आनंदाने ओट्यावरच संपवलं असतं.

चष्मेवाल्याने घास ताटात ठेवला. त्याचे डोळे ओले झाले, हे खरं. पण ओल्या डोळ्यांनी तो काय म्हणाला, ऐका.

"मावशी, निदान दुसरी बाई मिळेपर्यंत तरी थांबा."

नळ थेंबथेंब गळत होता. मावशीने जाऊन तो घट्ट बंद केला. मग ओट्यावरचं ताट झाकलं, दिव्याखालून बाजूला सरकवलं आणि सुनेकडे वळली.

"उद्या किती वाजता येऊ?" तिने विचारलं.

"सहाला या," सून म्हणाली. "आणि येताना सरळ आत शिरू नका, पुढच्या दाराने या. बेल वाजवून."